चकोराचं पोट

चकोर फक्त चांदणं पिऊन जगतो, त्याला दाणा दाखवायचासुद्धा नाही, असा हुकूम मांडगावच्या हैबतराजांनी काढला, तेव्हा पिंजऱ्यात सहा चकोर होते. पाखरखाना सांभाळणारी चिमाक्का गाऱ्हाणं घेऊन दरबारात आली, तेव्हा चार उरले होते.

हुकूम राजांचा, पण अक्कल लीलाधरपंतांची. पंत दरबारचे कवी. उत्तरेकडच्या कुण्या राजाने भेट पाठवलेले हे पक्षी बघायला ते एकदाच पाखरखान्यात आले होते, तेही नाकाला उपरणं लावून. पक्षी भुकेने माती उकरत होते. पंत म्हणाले, चंद्राच्या विरहात बेचैन झालेत बिचारे. राजांना ते फार आवडलं. आणि राजांना आवडलं की मांडगावात ते शास्त्र होत असे.

"महाराज, पाखरं उपाशी मरताहेत," चिमाक्का म्हणाली. "मूठभर राळे टाकू द्या."

"तू त्यांना नीट चांदण्यात ठेवत नाहीस, म्हणून मरताहेत," राजे म्हणाले.

"अंगणाच्या मधोमध पिंजरा आहे, महाराज. रात्रभर चांदणंच चांदणं. पाखरं चोच उघडतात आणि रिकामी मिटतात."

पंत हसले. "त्याला आळवणी म्हणतात, बाई. तुला नाही कळायची."

"आणि ढग आले तर काय खायचं त्यांनी?"

"ढग आले की ते झुरतात."

"अमावास्येला?"

"कडक उपास."

मानकऱ्यांनी माना डोलावल्या. त्यांतल्या निम्म्यांनी चकोर पाहिला नव्हता, आणि ज्यांनी पाहिला त्यांना ती कोंबडी वाटली होती.

"आता ऐक," राजे म्हणाले. "उरलेल्या चारांतला एक जरी मेला, तर तुला राज्याबाहेर हाकलीन. चोरून दाणे घालशील म्हणून पिंजऱ्यावर पहारा बसवतो. चांदण्यावर जगवून दाखव त्यांना."

चिमाक्काचा नवरा गेल्यापासून पाखरखाना हेच तिचं घर होतं. सकाळी पिंजरा झाडताना एका चकोराने तिच्या अंगठ्याच्या नखालाच चोच मारली होती, दाणा समजून. तिला रडू येत होतं, पण त्याहून जास्त संताप येत होता. तिला जा असं कुणी म्हणालं नाही, म्हणून ती खांबाशी तशीच उभी राहिली. दरबाराने तिला विसरून कविता ऐकायला घेतली होती.

पंतांनी राजांच्या स्तुतीची नवी रचना म्हटली. शेवटी हात जोडून, डोळे मिटून ते म्हणाले, "नको मज अन्न, नको मज पाणी. हा सेवक महाराजांच्या कृपादृष्टीवरच जगतो."

राजे विरघळले. चिमाक्का खांब सोडून पुढे आली.

"महाराज, पाखरं जगवते मी. फक्त एक मदत द्या."

"कसली?"

"ही परमुलखातली पाखरं. चांदण्यावर जगायची विद्या प्रवासात विसरली असतील. कविराज नुसत्या नजरेवर जगतात, आत्ता त्यांच्याच तोंडून ऐकलं. त्यांना पिंजऱ्याशेजारी बसवा. त्यांचं बघून पाखरं शिकतील."

पंतांनी डोळे उघडले. "महाराज, ती आम्हा कवींची बोलायची रीत असते."

"मग चांदण्याचीपण रीतच का, कविराज?" चिमाक्काने विचारलं.

राजांच्या भुवया वर गेल्या. "पंत, माझ्या कृपेवर जगता हे खोटं?"

"छे छे, महाराज. अक्षरन् अक्षर खरं." पंत दुसरं म्हणणार तरी काय?

पंतांची रवानगी पाखरखान्यात झाली. पहारा होताच. दाणा पिंजऱ्यात जायचा नाही, तसा घास पंतांकडे जायचा नाही, एवढाच हुकूम वाढला.

दुपारी राजे आले. पाटावर बसून पंतांकडे मायेने बघत राहिले.

"पोट भरलं?"

"तृप्त झालो, महाराज."

दिवस मावळताना राजे पुन्हा आले आणि आग्रह केल्यासारखे जास्त वेळ बघत बसले. या वेळी "तृप्त" म्हणताना पंतांनी भिंतीचा आधार घेतला.

सकाळी पंत पिंजऱ्याला टेकून बसले होते. आत चार चकोर पिसं फुगवून, बाहेर पंत उपरणं गुंडाळून. मुदपाकखान्यातून भाकरीचा वास येत होता. राजे आले, नेहमीपेक्षा डोळे मोठे करून बघू लागले.

"बघू नका, महाराज," पंत क्षीण आवाजात म्हणाले. "भाकरी द्या."

"माझी कृपा कमी पडली तुम्हाला?"

"कृपा भरपूर आहे, महाराज. पण ती गिळता येत नाही."

राजांचा चेहरा लाल झाला. पहारेकरी स्वतःच्या जोड्यांकडे बघू लागला. तेवढ्यात चिमाक्का पदर सावरून म्हणाली, "रागावू नका, महाराज. कविराज एका दिवसात जे म्हणाले, तेच ही पाखरं किती दिवस म्हणताहेत. त्यांना यमक जुळवता येत नाही, म्हणून दरबारात कुणाला कळलं नाही."

राजांनी पाखरांकडे पाहिलं. मग पंतांकडे पाहिलं. दोघांचीही तोंडं सारखीच उघडी होती. राजांच्या पोटातून हसू असं उसळलं, की पाटावरून तोल जाऊन त्यांना पिंजऱ्याचा गज धरावा लागला.

"जा बाई, राळे आण," ते डोळे पुसत म्हणाले. "पाखरखान्यामागचं शेत आजपासून तुझं. आणि पाखरांनी काय खायचं ते तू ठरवायचंस. दरबारात पुन्हा हा विषय निघणार नाही."

चिमाक्काने ओंजळभर राळे पिंजऱ्यात पसरले. चारही चकोर त्यावर तुटून पडले.

पंतांनाही भाकरी मिळाली. पाखरांचं झाल्यावर.