थोडी खराब फिल्म

“अजून किती अंधार करू, मास्तर?”

जयवंत वैतागला होता. अंधारखोलीच्या खिडकीला त्याने काळा कागद चिकटवला होता, दाराच्या फटीत जुनं धोतर कोंबलं होतं. मी मास्तरांची शेजारीण, चहा घेऊन गेले, तर मलाही आतच कोंडलं.

“काकू, आता दार उघडायचं नाही.”

“नाही रे बाबा.” मला तरी कुठे बाहेर जायचं होतं.

पेवेकर मास्तरांचा फोटो स्टुडिओ बंद होऊन सहा वर्षं झाली, पण ही खोली त्यांनी तशीच ठेवली आहे. जयवंत फिजिक्स शिकलेला, हुशार, आणि ते त्याला जरा जास्तच माहीत. एका अंधुक कृत्रिम उपग्रहाचा फोटो त्याला हवा होता. सोमवारी वेधशाळेत मुलाखत होती, तिथे दाखवायला. पाच फिल्मा कोऱ्या निघाल्या. इतका मंद उजेड फिल्मवर उमटतच नव्हता. आता एकच उरली होती, आणि उपग्रह दिसायची शेवटची संध्याकाळ आजचीच.

मास्तरांनी उदबत्ती पेटवली, काडी विझवली आणि उदबत्ती पार पलीकडच्या कोपऱ्यात खोचली.

“पूजा नंतर करा ना, मास्तर.”

“फिल्मची पेटी दे इकडे.”

दिली.

अंधारात तेवढा एक लाल ठिपका… मग झाकण निघाल्याचा आवाज.

“मास्तर, उघडलीत की काय?”

“एक… दोन… तीन.”

झाकण बसलं.

“खराब केलीत.” जयवंतचा आवाज अगदी बारीक झाला होता.

“थोडी केली.”

“शेवटची होती ती.”

“म्हणून तर जपून केली. उदबत्तीचा जरासा उजेड तिला आधीच मिळालाय, आता उपग्रहाचा थोडाही पुरेल.”

जयवंतने चहाला हात लावला नाही. संध्याकाळी मात्र तीच फिल्म कॅमेऱ्यात घालून गच्चीवर गेला. दुसरी होती कुठे?

सकाळी मी भाजी निवडायची सोडून पुन्हा तिथे. काळा कागद काढून मास्तरांनी धुतलेली ओली फिल्म खिडकीशी धरली होती. सगळी करडी, मळकट… आणि तिच्यावरून आरपार गेलेली केसाएवढी काळी रेघ, उपग्रहाच्या उजेडाची.

जयवंतने फिल्म हातात घेऊन उजेडात फिरवून पाहिली. मग मास्तरांच्या पाया पडायला वाकला आणि अर्ध्यातच थांबला.

“हे पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत? पाच फिल्मा फुकट गेल्या.”

मास्तर चष्मा पुसत होते…

“पहिल्या दिवशी तू मला पेटीला हात तरी लावू दिला असतास?”