लाल पाण्यावरचा उतारा

मी सासरी आले आणि नवव्या दिवशी विहिरीचं पाणी रक्तासारखं लाल झालं. वाकून पाहिलं की खोल आत कुणीतरी घुटके घेतल्यासारखा आवाज यायचा. वाडीतल्या बायका पाण्याऐवजी माझ्या पायांकडे बघू लागल्या.

वरची टेकडी कापून बंगले बांधणारे बाबलशेठ अंगणात आले. "काकी, सुनेबरोबर काहीतरी आलंय. तिला माहेरी धाडा, पाणी निवळेल."

सासूबाईंनी माझी बॅग बाहेर काढली.

पाऊस पडला की शेठच्या कापलेल्या टेकडीवरून उघड्या लाल मातीचे ओघळ विहिरीत उतरताना मी पाहिले होते. मी पदर सावरला. "शेठ खरं बोलतात. ते रोज टेकडीवरून उतरतं. आमच्याकडे त्याला बांधून घालतात."

"कसं?" शेठ खूश.

"उतारावर पेंढ्याचे लांब भारे आडवे ठेवायचे, खुंट्या ठोकून. उघड्या मातीवर गवत अंथरायचं. पायथ्याशी खड्डा खणायचा, म्हणजे ते तिथेच बसतं. पण ज्याच्या जमिनीतून उतरतं, त्यानंच करायचं."

"आणि नाही केलं तर?"

"तर मी गेल्यावरही पाणी लालच येईल. मग तुम्ही कुणाला माहेरी धाडाल?"

बायकांच्या नजरा माझ्या पायांवरून शेठच्या पायांवर गेल्या. "बांधा की, शेठ," एकजण म्हणाली. "की भूतबित काही नाहीच?"

शेठनी बांधलं. आठवड्यात पाणी निवळलं.

परवा शेठ कुजबुजले, "वहिनी, ते खड्ड्यातच आहे ना?"

"आहे. पण खड्डा भरत आलाय. उपसला नाहीत, तर बाहेर येईल."

शेठ स्वतः फावडं घेऊन गेले.