टोपलीतला नागोबा

फार जुन्या काळी जनावरं बोलायची. माणसं मात्र तेव्हाही ऐकायची नाहीत.

नागपंचमीला एक गारुडी सुगंधाबाईंच्या दारात आला. टोपलीतल्या नागाचे दात त्यानं उपटले होते आणि दूध प्यावं म्हणून त्याला कित्येक दिवस तहानलेला ठेवला होता. नाग वाटीवर तुटून पडला. बाईंनी हात जोडले. "नागोबा प्रसन्न झाले हो!"

तेवढ्यात परसातून एक मोकळा नाग सळसळत गेला. "अहो, मारा त्याला!" बाई नवऱ्यावर ओरडल्या आणि हळदीच्या हातांनीच त्यांनी काठी पुढे केली.

गारुड्याच्या दोरीला बांधलेलं मुंगूस चक्रावलं. "अरे, देव तर तोही आहे ना?"

"छे रे," टोपलीतला नाग फणकाऱ्यानं म्हणाला. "त्याचे दात अजून शाबूत आहेत."