भुरीनं धरलेला दांडा

हापशांच्या काळातली गोष्ट. रानातलं तळं आटलं आणि भुरी वानरीचं पिल्लू तहानेनं मलूल पडलं. जवळच माणसांनी सोडून दिलेला हापसा होता. एरवी भुरीची थोरली बहीण झिपरी, "सरक, तुला नाही जमायचं," म्हणत स्वतःच पाणी काढायची. आज तिचा हात मुरगळला होता.

"भुरे, तूच धर दांडा. मी नुसती सांगते."

भुरीनं चारदा हापसलं. थेंबसुद्धा नाही!

"बिघडला गं ताई!"

"बिघडला नाही. पाणी वर यायला वेळ लागतो. थांबू नकोस!"

दहाव्यांदा आत खळखळलं आणि भस्सकन धार आली! पिल्लू घटाघटा प्यायलं.

"पुरे गं, चिंब भिजलीस!" झिपरी हसत म्हणाली.

"थांब ताई, अजून एकदा!" भुरी दांडा सोडायलाच तयार नव्हती.