धोंडिभाऊंची शेवटची होडी

एका गावात एक भोळा नवरा होता. तसे ते गल्लोगल्ली असतात म्हणा, पण बाकीचे घरापुरते भोळे असतात. आमचे धोंडिभाऊ वाजगे चारचौघांतही भोळेच. सांगितलं की करायचे, अगदी जसंच्या तसं. फक्त कुठे करायचं, तेवढं त्यांना कधी कळलं नाही.

त्यांच्या मुलीचा, सारिकाचा, साखरपुडा ठरला. मुलाकडचा सगळा कारभार त्याच्या मामांच्या हातात, आणि मामा म्हणजे पानात मीठ कमी पडलं तरी रुसणारा माणूस. त्या गावची रीत अशी, की मुलीच्या बापाने चार माणसांत उभं राहून ‘मुलगी दिली’ म्हणायचं. तो बोलल्याशिवाय साखरेचा पुडा फुटत नाही. म्हणजे सारिकाचं सगळं आयुष्य आता बाबांच्या दोन शब्दांवर. बिचारी आठवडाभर झोपली नाही.

शेवटी तिने डोकं चालवलं. तयारीच्या दिवसांत बाबा घरात नकोतच, म्हणून तिने आईबाबांची क्रूझची तिकिटं काढली. "समुद्र बघून या," ती म्हणाली, "आणि आदल्या दिवशी परत या." राखणीला आई, चांगुणाबाई. मुलीचा साखरपुडा तोंडावर आणि आई जहाजावर, असा मान फार थोड्यांना मिळतो.

तिसऱ्या दिवशी जहाज आंबेरकोटाला आलं. जुनं बंदर, किल्ला, देऊळ, नारळाच्या बागा. जहाज पडलं मोठं, ते खोल पाण्यात उभं राहिलं आणि माणसं होड्यांतून धक्क्यावर आली. "शेवटची होडी चार वाजता," यादी घेतलेल्या माणसाने सांगितलं. "चुकली तर जहाज थांबणार नाही." चांगुणाबाईंनी ते दोनदा विचारून घेतलं.

होडी धक्क्याला टेकली. धोंडिभाऊ टुणकन उडी मारून उतरले आणि चालायला लागले. चांगुणाबाई एक पाय होडीत, एक पाय धक्क्यावर, मधे समुद्र. दोन खलाशांनी ओढून काढलं म्हणून वाचल्या.

"अहो, कोणी उतरत असलं की हात द्यायचा असतो."

"बरं," धोंडिभाऊ म्हणाले. "आता देईन."

आणि दिला की. पुढे बागेत एक माणूस नारळ पाडून माडावरून खाली येत होता. धोंडिभाऊंना तो उतरताना दिसला. ते धावत गेले आणि हाताला लागला तो त्याचा पाय धरून ओढायला लागले.

"सोड रे पाय माझो, पडान मी," तो वरून ओरडला. आणि पडला. धोंडिभाऊंच्याच अंगावर पडला म्हणून त्याला फारसं लागलं नाही.

"अहो, असल्या वेळी लांब उभं राहून नुसतं बघायचं," चांगुणाबाई त्यांच्या धोतराची माती झटकत म्हणाल्या.

"बरं. आता लांब उभा राहीन."

भूक लागली होती. एका घराच्या अंगणात बाक टाकून घावणे मिळत होते. चांगुणाबाईंनी दोन ताटं मागवली आणि हात धुवायला मागे गेल्या. तेवढ्यात शेळी आली. तिने आधी चांगुणाबाईंचे घावणे खाल्ले, मग धोंडिभाऊंचे, मग वाटीतला नारळाचा रस चाटून पुसून साफ केला. धोंडिभाऊ कुंपणापाशी उभे राहून बघत होते. चांगलं वीस पावलं लांब.

"अहो, आपल्या ताटाकडे कोणी आलं की टाळ्या वाजवायच्या, हाट हाट करायचं, हाकलून द्यायचं. हे मी सांगायला पाहिजे?"

"सांगितलंस ते बरं झालं," धोंडिभाऊ म्हणाले.

मग दोघं देवळात गेली. चारशे वर्षांचं देऊळ, आत गारवा, शांतता. चांगुणाबाईंनी ताटात नारळ, फुलं, उदबत्ती घेतली, ताट नवऱ्याच्या हातात दिलं आणि सारिकाचं नीट पार पडू दे म्हणून डोळे मिटले. म्हातारे पुजारी ताट घ्यायला आले. धोंडिभाऊंनी ताट काखेत मारलं आणि टाळ्या वाजवल्या.

"हाट. हाट हाट."

पुजारी थांबले. मग पुन्हा एक पाऊल पुढे आले. धोंडिभाऊंनी त्यांना पार दीपमाळेपर्यंत हाकलून दिलं. चांगुणाबाईंनी डोळे उघडले तेव्हा गाभाऱ्यात देव एकटाच होता.

त्यांनी पुजाऱ्यांचे पाय धरले. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "अहो, वडीलधारं माणूस समोर आलं की मान खाली घालायची. ते काही म्हणाले की हो हो म्हणायचं. नडायचं नाही."

"हो हो," धोंडिभाऊ म्हणाले. लगेच सुरुवात केली.

किल्ल्याच्या दारात पहारेकरी बसला होता. पिकल्या मिशांचा, खाकी कपड्यातला. तो काठी टेकत टेकत धोंडिभाऊंजवळ आला आणि त्याने तटाकडे बोट दाखवलं. तटावर कोळशाने हातभर लिहिलं होतं, ‘पिंट्या आणि सोनी’, आणि मधे बदाम.

"हे तुम्ही लिहिलंत?"

धोंडिभाऊंनी मान खाली घातली. "हो हो."

"म्हणजे पिंट्या तुम्ही?"

"हो हो."

"आणि ही सोनी?"

"हो हो."

पहारेकऱ्याने चांगुणाबाईंना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "या वयात," तो म्हणाला. एवढंच म्हणाला, पण चांगुणाबाईंच्या जन्मात त्यांचा इतका अपमान झाला नव्हता. त्याने बादली आणली, घासणी आणली. किल्ला बघायचा होता, तो त्यांनी फार जवळून बघितला. दोन तास एकच भिंत. सोनी घासत होती आणि पिंट्या पाणी आणून देत होता.

तीन वाजता दोघं धक्क्यावर परत आली. चांगुणाबाईंचे हात सोलले होते, कंबर धरली होती. त्या बाकावर बसल्या आणि रडकुंडीला येऊन म्हणाल्या, "अहो, तुमच्या पाया पडते. परवा लेकीचा साखरपुडा आहे. आता मी ‘बोला’ म्हणेपर्यंत तोंडातून एक शब्द काढू नका." मग त्यांनी पाठ टेकली आणि त्यांचा डोळा लागला.

पावणेचारला होडी लागली. माणसं भराभर बसली. यादीवाल्याने नावं वाचली. "वाजगे. दोन जण. वाजगे कोण आहे?"

धोंडिभाऊंनी त्याच्याकडे पाहिलं. नाव आपलंच आहे हे त्यांना कळलं. कळत सगळं होतं हो त्यांना.

यादीवाला जवळ आला. "काका, तुम्ही वाजगे का? शेवटची होडी आहे ही."

धोंडिभाऊ गप्प. त्याने बाकावर घोरणाऱ्या बाईंकडे पाहिलं. "इथलेच दिसतात," तो म्हणाला आणि होडीत चढला.

चांगुणाबाईंना जाग आली तेव्हा जहाज सुपारीएवढं दिसत होतं. त्या काय काय बोलल्या ते इथे सांगत नाही, मुलंही ऐकतात. मला उठवलं का नाहीत, म्हणाल्या. तोंड शिवलंय का, म्हणाल्या. सगळं म्हणाल्या, पण ‘बोला’ तेवढं म्हणाल्या नाहीत.

मग तीन एसट्या बदलत दोघं घराकडे निघाली. धोंडिभाऊ खिडकीशी गप्प. चांगुणाबाईंना वाटलं, लाज वाटली असेल. एसटीने घाट चढला तरी गप्प. हळूहळू त्यांना ते आवडायला लागलं. लग्न झाल्यापासून इतकं निवांत त्यांना कधी वाटलं नव्हतं, मग मोडायचं कशाला? घरी सारिका तर हरखूनच गेली. "आई, बाबा किती शहाणे होऊन आले गं," ती म्हणाली. पाहुण्यांनाही धोंडिभाऊ फार भारदस्त वाटले. तोंड बंद असलं की वाटतातच सगळे.

साखरपुड्याचा दिवस उगवला. मांडवात चाळीस पाहुणे. सारिका पाटावर बसली. मामांनी टोपी सारखी केली आणि विचारलं, "काय पाव्हणं, मुलगी दिली का?"

धोंडिभाऊ उभे राहिले. काही बोलले नाहीत.

मामांनी पुन्हा विचारलं. सारिकाच्या डोळ्यांत पाणी आलं.

"द्यायची नसंल तर तसं सांगा," मामा म्हणाले. "आम्ही काय बळजबरी करत नाही."

सारिकाने आईकडे पाहिलं. चांगुणाबाई कळवळून म्हणाल्या, "अहो, बोला."

धोंडिभाऊंचा चेहरा उजळला. दोन दिवस त्यांनी ते पोटात धरून ठेवलं होतं. घसा खाकरून ते साऱ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाले, "अगं, ऊठ लवकर. आपलं नाव पुकारतायत. शेवटची होडी सुटतेय."

मामांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग चपला घातल्या आणि ते मांडवाबाहेर पडले. त्यांच्यामागून चाळीसच्या चाळीस पाहुणे उठले आणि भराभर चालायला लागले.

धोंडिभाऊंना फार बरं वाटलं. एकदा सांगितल्याबरोबर इतकी माणसं होडीकडे निघाली होती.