सहावा पंच

पाच पंचांनी निकाल दिला, आणि भिवरा कुंभारणीची बशी घटकाभरात परक्याची झाली.

बशी तळहाताएवढी, भाजलेल्या मातीची. काठाला एक खाच. दुधाच्या भांड्यात तळाशी पालथी घातली की दूध उतू जात नसे. राजा भानुसेनाचा नियम असा, की जो नवी युक्ती काढील त्याला बारा वर्षांची सनद. इतरांनी ती वस्तू करू नये. भिवरेने सनद मागितली. मागोमाग राजाच्या कारखान्यातील गिरमाजी मिस्त्रीनेही मागितली! दूध उतू न जाऊ देण्यासाठी केलेल्या त्याच्या पितळी यंत्राला तीन चाके, एक घंटा आणि पिसारा फुलवणारा मोर होता. तळाला मात्र भिवरेचीच बशी.

बेलभंडार उचलून खऱ्या न्यायाची शपथ घेतलेले पंच मोरावर लुब्ध झाले. "युक्ती म्हणावी ती ही! बशी काय, कोणीही करील."

"बशी नुसती टेकूला आहे," गिरमाजीने पुस्ती जोडली.

"महाराज, सनद गेली तर माझी भट्टी विझली!" भिवरा म्हणाली.

"पाचामुखी परमेश्वर," हट्टी राजा उत्तरला. "निकाल फिरवायचा असेल तर सहावा पंच आण. त्याला चकाकी दिसता कामा नये, स्तुती ऐकू येता कामा नये, आणि त्याने कोणाचे मीठ खाल्लेले नसावे. उद्या सकाळी!"

गिरमाजी हसला. "असा माणूस या राज्यात जन्मलेला नाही."

"माणूसच हवा, असे महाराज कुठे म्हणाले?"

सकाळी भिवरेने दरबारात चूल मांडली.

"पंच कुठे आहे?" राजाने विचारले.

"या पातेल्यात, महाराज. दूध! त्याला डोळे नाहीत, कान नाहीत. आणि मीठ खाल्ले तर ते नासते. गिरमाजीकाका, तेवढा टेकू काढा आणि यंत्र चालवा."

गिरमाजीने दांडा फिरवला. चाके फिरली, घंटा वाजली, मोराने पिसारा फुलवला. आणि दूध भसकन वर आले, मोराला न्हाऊ घालून चुलीत उतरले!

मग दुसरे दूध चढले. आत फक्त बशी. खडखड, खडखड! दूध उकळले, पण काठाबाहेर थेंब आला नाही.

सर्वांत वृद्ध पंच आबाजी कुरकुरले, "एवढे सोपे! थोडा विचार केला असता तर मलाही सुचले असते."

"आबा, तुमच्या घरी दूध किती वर्षे तापते?" भिवरेने विचारले.

"साठ."

"उतू जाते?"

"काल सायंकाळीसुद्धा गेले!"

"म्हणजे साठ वर्षांत थोडा विचार करायला सवड झाली नाही, ती आज बशी पाहिल्यावर झाली!"

राजा असा हसला की त्याला पगडी सावरावी लागली. त्याने सनदेवर शिक्का उमटवला, वर एक दुभती गाय दिली.

"आणि हा मोर कोणाला द्यावा?"

"पंचांना द्या, महाराज," भिवरा म्हणाली. "त्यांनी दुसरे काही पाहिलेच नाही!"