उंबऱ्याबाहेरचा आवाज

तालुक्याच्या दवाखान्यात भाऊसाहेब हंबर्डे यांची सून पहिल्या बाळंतपणाला आली होती. कळा जोरात होत्या, पण पोरीने तोंडात पदराचा बोळा कोंबलेला. तरी एक हुंकार निसटलाच, तशी लेबर रूमच्या दाराबाहेर सासऱ्याची काठी आपटली.

"सूनबाई! आमच्या घराण्यात बाईचा आवाज उंबऱ्याबाहेर गेलेला नाही!"

भीतीने पोरीचं अंग आणखीच आखडलं. बाळ पुढे सरकेना. हे बघून सिस्टर हेमांगी तडक बाहेर आली.

"भाऊसाहेब, ही रीत घराण्यातल्या सगळ्या बायकांना लागू आहे ना?"

"अलबत! लहान असो, थोर असो."

"बरं झालं विचारलं. म्हणजे मुलगी झाली, तर तिला रडू द्यायचं नाही."

"काहीतरीच काय! जन्मल्याबरोबर रडलं नाही तर लेकरू जगेल कसं?"

"म्हणजे तिला मुभा आहे. मग ती मुभा कितव्या वर्षी काढून घ्यायची, तेवढं सांगा. आत तिची आईही जगायचंच बघतेय."

बाकावरच्या बायका पदराआड हसल्या. भाऊसाहेब काठीच्या मुठीकडे बघत पुटपुटले, "ओरडू दे तिला."

"मला नका सांगू. तिला ऐकू जाईल असं सांगा."

भाऊसाहेबांनी घसा खाकरला. "सूनबाई, ओरड गं पोरी!"

पोरीने तोंडातला पदर ओढून काढला आणि अशी किंकाळी फोडली, की रस्त्यावरचे रिक्षावाले वळून बघू लागले. थोड्याच वेळात तिच्या आवाजात दुसरा, बारीक पण खणखणीत आवाज मिसळला. मुलगी झाली होती.

भाऊसाहेबांनी सवयीने काठी उचलली, आणि अलगद भिंतीला टेकवून ठेवली.